न उतरलेली

पडद्यावर मान रिकामी होती.
मी मशीनला दोष दिला, मग सुईला, मग स्वतःला.
कुताइसीत त्या दिवशी वीज दोनदा गेली होती.
पुन्हा कॅमेरा लावला.
मान रिकामीच. आणि वर,
जिथे काही असायला नको तिथे,
जिभेच्या मुळाशी, एक ठिपका:
राखेखाली निखारा राहतो तसा.

जिभेला हाड नसतं म्हणतात.
त्सिआलाच्या जिभेला ग्रंथी होती.

एकोणचाळीस वर्षांची, स्वानेतीच्या डोंगरातली,
बसमध्ये सात तास, मांडीवर चीजची पिशवी.
मक्याची भाकरी अडकते, म्हणाली,
आणि आवाज असा की गरम घास
तोंडात धरूनच बोलतंय कुणी.
गावात गाताना खालचा सूर तिचा असायचा.
आता धरवत नाही.
डॉक्टर झुराबनी गुरुवार ठरवला होता.
गाठ काढायची. फार तर तासाभराचं काम.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात
ही ग्रंथी जिभेपाशीच जन्मते,
मग उतरू लागते,
कंठमण्यासमोरून श्वासनळीपर्यंत.
सातव्या आठवड्यात पोचते, पंख पसरते.
कुणाची अर्धीच वाढते, डावी बाजू नाहीच,
आणि माणूस ऐंशी वर्षं जगून जातो
कुणाला कळल्याशिवाय.
कुणाची छातीत शिरते, हृदयाच्या शेजारी,
पत्ता चुकलेल्या पाहुण्यासारखी.
त्सिआलाची निघालीच नाही.

फिल्म घेऊन मी दोन मजले धावले.
डॉक्टर सूप पीत होते.
"हिची दुसरी कुठे आहे?"
"दुसरी नाही."
चमचा वाटीतच राहिला.
गुरुवार रद्द झाला.

सांगितलं तेव्हा ती आरशापुढे गेली,
जीभ काढून आत बघत राहिली.
दिसलं काही नाही.
"म्हणजे इतकी वर्षं ही एकटीच राबतेय?"
हो.
"तिथूनच?"
तिथूनच. जमेल तेवढं. थोडं कमीच,
म्हणून तुला जुलैतही शाल लागते.
ती हसली. "आमची एक गाय आहे,
कुरणावर जातच नाही. दारातच उभी.
सासू विकायची म्हणते दरवर्षी.
दूध देते पण."

गोळी रोज सकाळी, उपाशीपोटी.
मार्चमध्ये परत आली, तेव्हा गाठ लहान झालेली.
भाकरी उतरते, म्हणाली.
खालचा सूर अजून नाही.

मी मात्र तेव्हापासून
जेवताना मध्येच थांबते,
गळ्यावर दोन बोटं ठेवून गिळते.
बोटांखाली काहीतरी वर सरकतं, खाली येतं.
मग पुढचा घास.