टिटवी छाप

लोगो आला व्हॉट्सॲपवर, रात्री अकरा वाजता.
व्हिजिटिंग कार्डाचा फोटो,
कोपऱ्यात शीतल शिरगुप्पेंचा अंगठा,
मागे ताटात उरलेली भाकरी.
खाली निरोप: 'एवढं वेबसाइटवर डकवा की मॅडम.'

डकवला.
निळ्या पट्टीवर पांढरं ठिगळ उमटलं,
ठिगळात मधोमध एक पक्षी, कडांना मुंग्या लागलेला.
मोठा केला तर मुंग्याच उरल्या.

सोबत भाच्यानं शोधलेले अकरा आयकॉन:
फोन जाडजूड, ट्रक काडीसारखा,
दातेरी चाकावर कुणा परक्याचं पुसट नाव आडवं,
आणि पाण्याचा थेंब, तो लाल.
रक्तपेढीचा असावा.

मी म्हटलं, मूळ फाइल द्या.
ते म्हणाले, हेच मूळ.
मग म्हणाले, थांबा, बिलबुक पाठवतो.
मग कॅलेंडर. मग टेम्पोच्या फाळक्याचा फोटो, चिखलासकट.
चार ठिकाणी चार टिटव्या,
चोच कुठं डावीकडं, कुठं उजवीकडं,
एक पाय मात्र सगळीकडं वर.

शेवटी गेलेच उद्यमनगरात.
भट्टी त्या दिवशी बंद.
काळी वाळू भिजवून ठेवलेली,
तिच्यावर मांजराची पावलं, एकदम स्वच्छ कडांची.
आजोबांच्या वेळचा पंप कोपऱ्यात पडून होता,
अंगावर उठावाची टिटवी.
कागद लावला, पेन्सिल आडवी धरून घासत राहिले
लहानपणी आठ आण्यावर घासायचो तशी.
आधी चोच आली. मग मान.
मग मोठा वेळ नुसताच गंज.

केरबा मिस्त्री मागे उभे होते.
कानावर पेन्सिलीचा तुकडा,
जन्मभर लाकडाचे पॅटर्न केलेले हात पाठीशी.
'काय करणार ह्येचं?'
मोबाइलवर दिसायला हवी, म्हटलं, एवढी,
आणि करंगळीचं नख दाखवलं.
ते हसले नाहीत.
'मग पाय काढा.
एक आमच्या बानं काढलायच.
दोन हुते. पॅटर्न उचलला की वाळू ढासळायची बरोबर तितं.
मग एक जाड केला, एक पोटात घेतला.
छापखान्यावाल्याला वाटलं, पाखरानं पाय वर केलाय.
मालकानं बी मग गिऱ्हाइकाला सांगायला सुरू केलं,
समुद्र उपसायला निघालीया, पयलं पाऊल उचललंय.'

जाताना त्यांनी आपली फूटपट्टी दाखवली,
बाजारातल्या फुटापेक्षा सूतभर लांब.
'लोखंड निवताना आकसतं.
निवल्यावर काय उरंल, ते आधी बघायचं.'

रात्री राजारामपुरीत, खालचं झेरॉक्स बंद झाल्यावर,
सोळा घरं आडवी मांडली, सोळा उभी.
आई रांगोळीला म्हणायची तसं:
सोळा ठिपके, सोळा ओळी.
एकेक घर काळं करत गेले.
डोळा ठेवला तर डाग वाटायचा. काढला.
पंखाची रेघ काढली.
पाय एका घराचा होता,
ठेवला, काढला, ठेवला,
चहा घेऊन आले, काढला.

मग त्याच जाडीत ट्रक, फोन, चाक
पहिल्यापासून काढले.
थेंबाला टिटवीच्या पोटाचा बाक दिला.
हे कुणाला कळणार नाही,
बिलात कुठल्या नावाखाली लिहायचं, तेही मला कळलं नाही.

सकाळी फोन.
'झ्याक झालंय मॅडम. पांढरं ठिगळ बी गेलं.
पण वरच्या टॅबवर पाय दिसंना.'
म्हटलं, निवताना आकसला.
पलीकडं थोडा वेळ नुसता भट्टीचा पंखा घरघरत राहिला.
मग शीतलदादा म्हणाले,
'बरं. आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं?'