नैसर्गिक ओलाव्यापासून

खड्डा अडीच मीटर. मातीचा ठोकळा
सुरीनं सोडवून घेण्यात दुपार गेली.
वाकूबा म्हातारा कॉफीच्या झुडपाशी उभा राहून बघत होता.
मलमलीत गुंडाळला, ब्रशनं मेण फासलं,
पुन्हा मलमल, पुन्हा मेण.
तो म्हणाला, "नाम्बोझो, मढं बांधतात असं."
मी म्हटलं, "मढं कोणी मांडीवर नेत नाही."
आणि म्बालेपर्यंत, पिकअपच्या प्रत्येक धक्क्याला,
तेवीस किलोचं ते लेकरू झेलत आणलं.

प्रयोगशाळेत वान्येरा. नवा, इस्त्रीचा शर्ट.
त्यानं सोबत आलेली पिशवीतली माती
रात्रभर भट्टीत ठेवली,
एकशे पाच डिग्री, पुस्तकात आहे तशी.
सकाळी चिमटीत घेतली तर रवा.
पाणी घातलं तरी रुसलेली, लोणी होईना.
"द्रवसीमा बावन्न," तो खूश. "गुणी माती आहे."

भाजून काढल्यावर कोण अवगुण दाखवतो?

ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांच्या गावात बर्फ पडतं.
त्यांची माती नदीनं वाहून आणलेली, हिमानं दळलेली,
वाळवली, भिजवली, बहुधा तीच राहते.
आमची इथेच झाली.
ज्वालामुखीचा खडक उभ्या उभ्या कुजत गेला,
जागचा न हलता.
हिच्या कणाकणाच्या पोटात पाणी आहे,
एकदा काढलं की परत जात नाही.

झाकल्या डब्यातली ओली माती काचेवर घेतली.
पात्यानं पाच मिनिटं मळली,
कपात चीर पाडली, दांडा फिरवला.
टक टक, सेकंदाला दोन.
पंचविसाव्या ठोक्याला चीर मिटली.
पाणी किती होतं ते कळायला
शेवटी त्यातलं चिमूटभर वाळवावंच लागतं,
हा आमच्या धंद्यातला विनोद.
एक्याऐंशी.

मग अर्धा तास मळली. शहाण्णव.
गुठळ्या फुटतात, धरलेले हात सुटतात.
"मग खरा आकडा कुठला?"
मी काचेवर तीन मिलिमीटरच्या वाती वळत होते,
तुटेपर्यंत वळायच्या असतात.
म्हटलं, "तू तिच्याशी किती वेळ भांडलास,
तेही शेजारी लिही."

तिसऱ्या दिवशी ठोकळ्याचं मेण सोललं.
आत तिरकी रेघ. काळी, चकचकीत,
नखापेक्षा पातळ.
खडक गेला, खडकाचा तडा राहिला.
नमुना तासताना तिथेच दोन फाकी झाल्या.
"बाद," वान्येरानं पेन उघडलं.

हा शब्द मी बावीस वर्षं लिहिला आहे.
तुटलेलं फेकायचं, टिकलेलं मोजायचं,
आणि सही करायची की डोंगर भक्कम आहे.
एकदा बादलीभर "बाद" परसात ओतली होती,
वर मिरच्या लावल्या. चांगल्या आल्या.
ती जिथली होती तो उतार सप्टेंबरात खाली आला,
केळींसकट, शाळेच्या वाटेसकट.
कोणी मेलं नाही.
हे मी दर वेळी जोडते: कोणी मेलं नाही.

फाकी जुळवल्या, रेघेवर रेघ.
पेटीत ठेवल्या, वजन टाकलं, आडवं ढकललं.
काटा थोडासा चढला
आणि त्यानं हात टेकले.
तक्त्यात याला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, तिरकं, रेघेसारखंच.

संध्याकाळी वाकूबाचा फोन.
आरोग्य केंद्र कधी बांधणार,
सुनेला आठवा लागलाय, दवाखाना दोन तासांवर.
"आणि माती काय म्हणाली?"
मी म्हटलं, "तिथे नको म्हणाली. जरा खाली विचारू."
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "खाली माझ्या भावाची जमीन आहे.
त्याचं माझं बोलणं नाही."

मागे वान्येरा भट्टीची कळ
पन्नासवर आणत होता.
माझ्या नखांतला लाल
साबणानं निघत नव्हता.