घोडी सोडायची वेळ

आटपाडी आगारात रुजू झाले तेव्हा
मला खुर्चीची उंची वरखाली करता येत होती
आणि मेमो लिहिता येत होते.
पहिल्या महिन्यात बावीस लिहिले.
त्यातला एक मेटकरींना:
हेड मेकॅनिक असून आपण स्वतः गाडीखाली झोपता,
देखरेख कोणी करायची?

त्यांनी सही केली, कागद चार घड्या करून टोपीत ठेवला
आणि परत गाडीखाली सरकले.
बाहेर राहिले नुसते पाय.
टाचांना भेगा, भेगांत काळं ग्रीस.

दामाजी मेटकरी. बोलणं मोजकं.
दुपारी भाकरीचं फडकं सोडताना मात्र
कधीतरी पोथीतलं निघायचं.
"म्याडम, लढाई ऐन भरात. दिस कललेला.
जयद्रथ अजून लांबच.
आन किस्ना म्हनतो, घोडी दमल्याती, सोडूया.
भर रणात हो!
अर्जुनानं बाण मारून पाणी काढलं, त्येचं नाव झालं.
पर घोड्यांच्या अंगातलं बाण कुणी उपसलं?
खरारा कुणी केला?
देवाच्या हाताला लीद लागली आसंल का न्हाई त्या दिशी?"

मी घड्याळ दाखवलं. गाडीला पाच मिनिटं उशीर.
"हुंद्या की," म्हणाले. "दमलीया ती."

खरसुंडीच्या मुक्कामी गाडीचं तसं नव्हतं.
त्या संध्याकाळी मेटकरी दुसऱ्या गाडीखाली होते,
वैभव ऐवळे, तीन आठवड्यांचा हेल्पर, चाक बसवत होता,
आणि मी दारात उभी राहून म्हणाले,
पुरे, काढा बाहेर. वेळापत्रक आहे की नाही?

भिवघाटाच्या वळणावर चाक डुलायला लागलं.
एक्केचाळीस माणसं, दोन शेळ्या, एक नवरी.
ड्रायव्हर जुना म्हणून गाडी उभी राहिली.
कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नवरी तेवढी रडली.

सांगलीहून चौकशी आली.
रजिस्टरात तपासणीच्या रकान्यात
मेटकरींची सही होती, शाई जरा ताजी.
"नट मीच बघितलं व्हतं," ते साहेबांना म्हणाले,
माझ्याकडे न बघता.
वेतनवाढ थांबली, निवृत्तीला आठ महिने असताना.
अहवाल मी टाइप केला.
एकही चूक न करता.

वैभव रात्रभर पाण्याच्या टाकीमागे बसून होता.
सकाळी मेटकरींनी त्याला बोलावून
पाना हातात दिला. बोलले काहीच नाहीत.
आता तो नट तीनदा आवळतो,
आणि चौथ्यांदा हाताने चाचपतो.

निरोपाच्या दिवशी शाल, नारळ, फोटो.
भाषण करा म्हटलं तर मान हलवली.
फाटकाशी सायकलचं स्टँड काढताना म्हणाले,
"लढाई संपल्यावर किस्ना म्हनला, अर्जुना, आज आदी तू उतर.
अर्जुनाला नवल वाटलं. रोज सारथीच आदी उतरायचा.
अर्जुन उतरला. मागनं किस्ना उतरला.
आन उभा रथ जळून राख झाला.
जळायचा कवाच व्हता, म्याडम.
कुणीतरी बसून व्हतं."

मला वाटलं, नेहमीची गोष्ट.

पुढच्या सोमवारी तीन गाड्या वाटेत बंद.
गुरुवारी डिझेलचा पंप.
शनिवारी दोन कारागीर एकमेकांच्या अंगावर गेले,
आणि मला कळेना की आधी ही भांडणं कुठे जायची,
कोण ती अंगावर घ्यायचं, कधी,
कुठल्या गाडीखाली.

आता मीही अधूनमधून खाली जाते.
फार काही जमत नाही.
वैभव म्हणतो, म्याडम, ब्याटरी जरा हिकडं धरा,
मी धरते.

परवा वर्कशॉपमधलं लाकडी टेबल सरकवायला गेले.
त्याचा एक पाय आखूड.
खाली कागदाची घडी ठोकलेली, तेलानं पारदर्शक झालेली.
वाकून बघितलं, तर माझंच अक्षर:
देखरेख कोणी करायची?

काढली नाही.
टेबल डुगडुगलं असतं.