पीळ

कणकवलीच्या शोरूममधला पोरगा
मला आकडे वाचून दाखवत होता:
घोडे इतके, सीसी इतके,
शून्य ते शंभर इतक्या सेकंदांत.
मी म्हटलं, बाबा, आमच्याकडे
शंभर कुणाला गाठायचंच नाहीये.
शून्यावरून हलायचंय फक्त.

तारामुंबरीचा उतार,
ओला जांभा, वर शेवाळ,
खाली पुळण, चाक गिळणारी,
आणि अकरा होड्या
पावसाआधी वर काढून शाकारायच्या.
पूर्वी एका होडीला बावीस माणसं लागत.
यंदा मोजली. नऊ.
त्यातल्या दोघांना हर्निया,
एक मी, सोसायटीची खजिनदार,
वही काखेत धरून दोर ओढणारी.

बाकीचे तेरा
कुणी गोव्यात हॉटेलच्या गणवेशात,
कुणी रत्नागिरीला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर.
त्या तेरांच्या बदल्यात
एक इंजिन निवडायचं होतं,
तेही जुनं, साडेतीन लाखांत.

इब्राहिम सोलकर बॉनेटमध्ये डोकं घालूनच बोलतो.
"पेट्रोल हलक्या. आवाज गोड.
पण वरच्या सुराक चढल्याबिगर तेका जोर येणा नाय,
तवसर तुझो क्लच जळतलो.
डिझेल खालच्याच सुरात दम धरता.
माका सांग, तुका पळवूक व्हया काय वढूक?"

मी विचारलं, ह्या टॉर्कला आपल्यात काय म्हणायचं?
शाळेच्या पुस्तकात काहीतरी आघूर्ण होतं,
जिभेत काटा अडकावा तसं.
त्याने नटाला पान्हा लावला, जोर दिला,
गंजलेला नट कुरकुरला.
"पीळ," म्हणाला.

घरी मागच्या पडवीत
काथ्याच्या सुंभाची वेटोळी पडून आहेत.
कुणी जाळली नाहीत, उंदरांनीही सोडली.
म्हण उलटी झालीय आमच्याकडे:
सुंभ शाबूत,
पीळ गोव्याला.

सभेत रात्री साडेअकरापर्यंत वाद.
बाबी तारीला पांढरी पेट्रोल हवी,
डिझेलचा पंप बसला तर खर्च कोण देणार?
शेवंताला फक्त एवढंच,
की मासे नेताना मागे वास राहू नये.
कुणीतरी म्हणालं, ट्रॅक्टर घ्या.
कुणीतरी म्हणालं, होड्याच विका.
मग बराच वेळ कुणी काही म्हणालं नाही.

मी निपाणीची गाडी घेतली.
पंचवीसशे सीसी, डिझेल, रंग उडालेली,
आधीच्या मालकाने तंबाखू वाहिलेली.
खाली आडवी होऊन चासी पाहिली:
घाटावरचं लोखंड,
मीठ अजून ठाऊक नसलेलं.
अर्धा टन पाठीवर, असं कागदावर.
शेपटीला दीड टन, असं कुठेच नाही,
ते इब्राहिमचं आणि माझं.

अठ्ठावीस मे, भरतीचा माथा.
ट्रेलर पाण्यात, त्यावर बाबीचीच होडी.
मागच्या चाकांनी जमीन सोडू नये
म्हणून हौद्यात वाळूची चार पोती.
मी पहिला गिअर टाकला
आणि आरशात पाहिलं:
दाजी सारंग नाळेवर हात ठेवून उभे.
चाळीस वर्षं तेच हाक घालायचे.
पहिल्या हाकेला दोर ताठ,
दुसऱ्या हाकेला टाचा रोवायच्या,
तिसरीला सगळ्यांनी एकदम.
कुणी सांगितलं नव्हतं त्यांना यायला.

त्यांनी पहिली हाक घातली.
इंजिन खालच्या सुरात घुमत होतं,
त्याला ऐकू येत नाही.
दुसरी.
माझा डावा पाय क्लचवर थरथरत होता.
उतारावरची उरलेली माणसं,
हात रिकामे,
तरी टाचा रोवून उभी.

तिसऱ्या हाकेला मी पाय सोडला.

वहीत रात्री लिहिलं:
डिझेल बाराशेचं.
चाकं गोड्या पाण्याने धुतली.
होड्या तीन वर, आठ बाकी.
दाजींना उद्या पाचला बोलवणे.