घट

रबाळ्याच्या शेडमध्ये स्टँडवर उभी आहे
बिनचेनची सायकल. पांढरी.
कुठे दाते नाहीत, कुठे वंगण नाही.
माहितीपत्रकात छापलंय: कपड्यांना डाग पडत नाहीत.
हे खरं आहे.
माझ्या प्रत्येक सलवारीच्या उजव्या पायावर
शाळेपासूनची काळी नक्षी आहे,
मला तरी ही सायकल आवडायला हवी होती.

माझं काम मोजायचं.
पायांकडून शंभर वॅट आत जातात.
पेडलच्या पोटात एक जनित्र बसलंय,
ते पायांचं म्हणणं विजेत उतरवतं: अठ्ठ्याऐंशी.
कंट्रोलर ते तपासून पुढे सोडतो: चौऱ्याऐंशी.
बॅटरीत ती वीज जरा टेकते,
उठते तेव्हा अठ्ठ्याहत्तर.
मागच्या चाकातली मोटर तिचं पुन्हा फिरणं करते.
चौसष्ट.
मी मीटर बंद केला, चालू केला.
चौसष्ट.

बाकीचे छत्तीस कुठे, तर
झाकणावर हात ठेवून बघा.
ताप उतरत आलेल्या पोराचं कपाळ असतं ना,
तितकं कोमट.

बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार होते.
गोणी उतरली की हमाली,
काट्यावर चढली की तोलाई,
मग अडत, मग आणखी कुणाचं काय काय,
आणि कांदा आपला आपण वाळून हलका होतो
ती घट.
हमाली कुणीतरी खातं, अडतही कुणीतरी खातं,
घट कुणी खात नाही, म्हणायचे,
ती नुसती लागते.

त्यांना फोनवर आलेख दाखवला.
रेषा बघितलीच नाही त्यांनी.
‘मधे हात किती?’
चार, म्हटलं.
‘मग बरोबर आहे. आणि चेनला?’
एकच. शंभरात दोन जातात, फार तर तीन.
‘तोलाईपुरतं,’ म्हणाले,
आणि शेंगा सोलायला लागले.

घणसोलीच्या तळ्याजवळचे हसुराम मढवी
पंक्चरच्या पाटीखालून उठून खास बघायला आले.
पेडल हाताने फिरवलं. थांबले.
मग चाक फिरलं.
‘पाय मारला का चाकानं लगेच हो म्हनायला पायजे.
ह्यो इचार करतोय.’
ऋत्विज हसला. कंपनी त्याची.
ते सेटिंगमध्ये बदलता येतं काका,
पेडल जड करता येतं, हलकं करता येतं,
सपाट रस्त्यावर चढ वाटायला लावता येतो.
‘न् चढावर?’
कूलरचा आवाज तेवढा येत राहिला.

चढावर रविवारी गेले.
बेलापुरातून पारसिक हिलचा रस्ता,
बॅटरीत चार टक्के, मुद्दाम.
तिसऱ्या वळणावर आकडा शून्य झाला.
चेन असती तर उभी राहिले असते पेडलवर,
सगळं वजन एका पायावर टाकून,
मग दुसऱ्या.
इथे उभी राहिले आणि
माझं वजन कुठेतरी नोंदवलं गेलं.
चाक रांगलं दोन हात,
मग तेही नाही.

तेवढ्यात पावाची टोपली बांधलेला एक पोरगा
उभ्यानेच पेडल हाणत बाजूने वर गेला.
त्याची चेन तेलाविना किंचाळत होती.
अरे, तेल घाल रे, ओरडले मी.
त्याला ऐकू गेलं नाही,
किंवा त्याला थांबायचं नव्हतं.
मी अठ्ठावीस किलो ढकलत उतरले.

अहवालात ऋत्विजला ‘घर्षणमुक्त अनुभव’ हवा आहे.
तो मी पहिल्या पानावर लिहिला.
चौथ्या पानावरच्या रकान्याला ‘लॉस’ असं नाव होतं,
ते खोडून ‘घट’ लिहिलं. छत्तीस.
कुणी विचारलं तर सांगेन.

आज शेवटची चाचणी माझ्याच पायांनी.
चाळीस मिनिटं. स्टँडवरच.
आठ वाजता शेडचे दिवे घालवले,
शटर अर्धं ओढलं,
आणि परत आत जाऊन
अंधारात त्या झाकणावर तळवा ठेवला.

माझेच पाय होते ते,
अजून कोमट.