टूपर

शाळेचं पत्र आलं, खाली सही मिसेस हाल्व्हरसन:
मुलाचे गुण पात्रतेच्या रेषेहून तीनने वर,
सबब थेरपी देय नाही.
तीनने वर. सोरेनला 'क' येत नाही,
कूपर कुत्र्याला तो टूपर म्हणतो,
आणि वर्गात हल्ली काहीच म्हणत नाही.

मग टायरच्या दुकानाशेजारची ती खोली,
अर्ध्या तासाचे नव्वद डॉलर.
मी रात्रपाळी मागून घेतली,
बर्फ लोटायचा ट्रक, डुलूथचे चढ,
पहाटे तीनला रिकाम्या केबिनमध्ये
मीच म्हणत बसतो: क. क. क.
जीभ मागे, टोक खाली,
काचेवर वाफेचा ठिपका.

बाई लॉलीपॉपच्या काडीनं त्याची जीभ दाबून धरतात.
तो लाळेनं भिजतो, चिडतो, काडी चावतो.
अकरावा गुरुवार. सरोवर गोठलेलंच.

काल मागच्या दारात उभं राहून
त्यानं घसा खरवडून हाक मारली: क्-कूपर!
कुत्रं बर्फ हुंगत राहिलं.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मी अजून बुटांतच होतो.
मग हळूच, जुन्या सवयीनं: टूपर.
आणि ते आलं,
कान उडवत, धावत.