गणपूर्ती

सुचौ खाडीकाठी आमची कंपनी अंडी फोडते,
पांढरं वेगळं, पिवळं वेगळं,
डब्यांत गोठवून लिव्हरपूलला धाडते.
अंडी च्यांगसूच्या कोंबड्यांची.
फोडणाऱ्या दीडशे बायका पूतुंगच्या.
रुपयातले बारा आणे माझ्या निंगपोच्या मामांचे,
तेही भलत्याच नावांवर.
आणि रात्रीबेरात्री उठून
यंत्राच्या नळ्यांना कान लावतात
ते स्कोव्हसाहेब डेन्मार्कचे.

तरी कंपनी इंग्रज.
हाँगकाँगात जन्मली, एका कपाटात.
कायदा म्हणतो, ती व्यक्ती आहे.
मी इथं चाळीस वर्षं श्वास घेतोय,
माझ्याबद्दल कायदा इतक्या खात्रीनं बोलत नाही.

मोठं युद्ध संपलं, लंडनहून फर्मान आलं:
संचालकांत बहुमत इंग्रजांचं हवं,
कारभारी इंग्रज हवा.
स्कोव्हसाहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला,
म्हणाले, 'शन, पाट्या कोरणाऱ्याला बोलाव.'
दुपारपर्यंत ते सल्लागार झाले,
त्याच खुर्चीत बसल्या बसल्या.

कारभारी झाले कॅप्टन प्रिंगल.
उभा जन्म जहाजांना नदीतली वाट दाखवली,
आता महिन्याला चांदीचे साठ ताएल आणि जिनची बाटली.
पहिल्या मंगळवारी यायचे. ओव्हरकोट न काढता
झोपायचे. मधेच जागे होऊन विचारायचे,
'अंडी ताजी आहेत ना?'
मी इतिवृत्तात लिहायचो:
अध्यक्षांनी मालाच्या दर्जाविषयी सखोल विचारणा केली.

माघारी जायच्या आधी त्यांनी एकदाच कागद वाचला.
इस्पितळात, उशीला टेकून,
बायकांची मजुरी पाचवा हिस्सा कापायचा ठराव.
मी दौत धरून उभा.
'एक बाई दिवसाला किती फोडते?'
दोन हजार, मी म्हटलं.
'हातानं?'
हातानं.
बराच वेळ ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.
मग सही सुरू केली.
'प्रिं' उमटलं. 'गल' राहिलं.

थकले, की थांबले,
मी इतिवृत्त लिहिणारा, मला विचारू नका.

वकील म्हणाले, अर्ध्या इंग्रजानं भागत नाही.
नवा पुरा इंग्रज मिळेस्तोवर
सतरा दिवस आमची कंपनी कोणाचीच नव्हती,
आणि सतरा दिवस बायकांनी
पुरी मजुरी मोजून घेतली,
थंडीनं फुटलेल्या बोटांनी, दोन दोनदा.

नवे साहेब गाद्यांचे व्यापारी. सही झोकदार.
कॅप्टनची पितळी पाटी मोडीत काढायला सांगितली होती.
मी ती सभेच्या टेबलाच्या
आखूड पायाखाली सरकवली आहे.
नाव वरच्या बाजूला.
टेबल आता डुगडुगत नाही,
आणि वाकून बघायची
संचालकांना सवय नाही.